मदत हवी आहे: तुंबाडच्या तोडीचा पिक्चर सांगा की

मंडळी, खानापूरकडं पाऊस असा लागलाय की घराबाहेर पडायलाच येत नाही, म्हणून मी आणि धाकटा भाऊ रोज रात्री एक भुताचा पिक्चर बघायलोय. एक नंबर तुंबाड (२०१८), त्यात काय वादच नाही, ती कणकेची बाहुली खाली ठेवली की त्यातला राक्षस हस्तर ज्या वेगानं येतो ते बघून भावानं माझा दंड असा धरला की सकाळपर्यंत वळ होता. दोन नंबर मल्याळम भ्रमयुगम (२०२४), अख्खा ब्लॅक अँड व्हाइट, त्यातला मम्मुट्टीचा हसण्याचा आवाज अजून कानातनं जाईना. मराठी लपाछपी तिसरा, त्यातलं घर उसाच्या फडात आहे आणि आमच्या परड्यामागंच ऊस आहे, तो पिक्चर बघून रात्री मागचं दार उघडायचं धाडस होत नाही बघा. कन्नड रंगीतरंग (२०१५) त्याच्या खाली, गाणी आवडली, भीती कमी वाटली.

आता पुढं काय बघू? मराठी किंवा कन्नड असला तर बरं, कन्नड आम्हाला सबटायटलशिवाय कळतंय. गावाकडचा, जुन्या वाड्याचा, देवदेवस्कीचा पाहिजे, उगाच रक्त उडवणारा नको कारण आई पण सोबत बसते. जुना असला तरी चालेल, फक्त शेवट सांगू नका.