मदत हवी आहे: वाशीच्या पुलावरून दिसणारे पक्षी

पनवेलहून सीएसएमटीला रोज जाते. गर्दी, धक्काबुक्की, पोचल्यावर ऑफिसची कटकट. पण वाशी ते मानखुर्द पुलावर गाडी आली की मी दाराकडे सरकते. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) उतरतात, आणि ओहोटी असली तर चिखलावर गुलाबी पट्टाच दिसतो! (२०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता.) तेवढ्या दोन मिनिटांवर माझा दिवस निघतो.

धावत्या गाडीतून मोठा रोहित आणि छोटा रोहित वेगळे कसे ओळखायचे? लांब लाल पायांचे, काळ्या पंखांचे ते शेकाट्याच ना? मराठीत चित्रांसह एखादं खिशात मावणारं पुस्तक आहे का? आणि पावसाळ्यात, रोहित गेल्यावर, तिथे काय शोधू?