इंजिन ऑइल: कोणतं घालता आणि कोणाकडून बदलून घेता?

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यातल्या गॅरेजांपुढे गाड्यांची रांग लागते. पाऊस जरा उघडलेला, माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान आणायला प्रत्येकाला गाडी हवी, आणि निम्म्या गाड्यांचं ऑइल पावसाआधी बदलायचं राहून गेलेलं. त्यानिमित्ताने हा अनुभव धागा. कोणतं ऑइल घालता, कोणाच्या सांगण्यावरून, आणि बदलतं कोण: सर्व्हिस सेंटर, नाक्यावरचा मेकॅनिक की तुम्ही स्वतः? नावाऐवजी गाव आणि गाडी लिहा. गॅरेजचं नाव नको, कौतुकासाठीही नको. आणि 'अमुक कंपनीचं बेस्ट' एवढंच लिहून पळू नका, डब्यावर ग्रेड काय होता ते सांगा.

पर्वरी, अ‍ॅक्टिवा 110

घर ते पणजी आणि परत, एवढीच माझी धाव. नाक्यावरचा मेकॅनिक बाबांच्या वेळचा. माणूस सरळ, पण त्याच्या लेखी ऑइल एकच, 20डब्ल्यू-40. "ताई, गोंयांत गरमी चड, दाट घालुया." पुस्तिकेत मात्र 10डब्ल्यू-30 आणि जॅसो एमबी (जॅसो म्हणजे दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) असं स्पष्ट छापलंय. म्हणून डबा मीच विकत घेते आणि त्याच्या हातात देते. तो कुरकुरत नाही, मजुरी घेतो आणि गप्प काम करतो.

डोकेदुखी झाली ती ऑइलने नाही, बोल्टने. तो गावी गेला असताना स्कूटर दुसरीकडे दिली. तिथल्या पोराने ड्रेन बोल्ट पान्याला पाइप लावून आवळला. इंजिनाचं केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी. आटे कोणाचे जाणार? सकाळी पोर्चच्या लादीवर रुपयाएवढा काळा डाग. फडक्याने पुसला, दुपारी तिथेच पुन्हा तेवढाच. शेवटी लेथवाल्याने भोक मोठं करून आत नवे आटे बसवून दिले. त्या बोल्टखाली एक चपटी वॉशर असते, दर वेळी नवी टाकायची असते. चार पैशांची वस्तू, पण जुनी चेपलेली वॉशर तशीच ठेवायची आणि गळती थांबवायला जोर लावायचा, हेच बहुतेक ठिकाणी चालतं. आता मी ऑइल बदलून होईपर्यंत जागची हलत नाही.

जाता जाता: स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल वेगळं असतं, जेमतेम 120 मिली. ते आजवर एकाही मेकॅनिकने आपणहून विचारलेलं नाही.

वास्को, वर्कशॉपमधून निवृत्त

वरच्या ताईंचा मेकॅनिक एकटा नाही. 'गोव्यात थंडी कुठे, मग पातळ ऑइल कशाला' हे मी जन्मभर ऐकलं. 10डब्ल्यू-30 मधला पहिला आकडा थंड इंजिनातल्या वाहतेपणाचा, दुसरा 100 अंश सेल्सिअसला मोजलेल्या दाटपणाचा. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत थर्मोस्टॅट पाणी साधारण 90 अंशांच्या आसपास धरून ठेवतो, मग गाडी मुरगावात असो की मनालीत. त्यामुळे दुसरा आकडा गावाच्या हवेवरून नव्हे, बेअरिंगमधल्या फटी आणि ऑइल पंप पाहून ठरतो, आणि ते काम कंपनीने आधीच केलेलं असतं. स्कूटरचं इंजिन हवेवर थंड होतं, त्याच्यावर उन्हाचा परिणाम जास्त, हे खरं. पण ती स्कूटर बनवणाऱ्यांना एप्रिल-मे माहीत नाही असं समजू नका.

पहिला आकडा तर गोव्यातही कामाचा. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या भांड्यात, उतरलेलं असतं. सकाळी बटण दाबल्यावर ते वर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत जितक्या लवकर चढेल तितकी झीज कमी. 0डब्ल्यू-20 सांगितलेल्या नव्या पेट्रोल गाडीत 20डब्ल्यू-40 ओतणाऱ्याला मी तरी मेकॅनिक म्हणणार नाही.

मडगाव, पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला), 100 सीसी मोटरसायकल

आम्ही पायलट लोक गॅरेजमध्ये बसून राहिलो तर दिवसाची कमाई बुडते. मी स्वतःच बदलतो. इंजिन कोमट करायचं, खाली जुनं टोपलं, बोल्ट काढून चहा प्यायला जायचं. परत येईपर्यंत सगळं निथळलेलं असतं. 10डब्ल्यू-30, जॅसो एमए. किलोमीटर बघून बदलतो, कारण आमची गाडी महिनाभरात जेवढी फिरते तेवढी घरगुती गाडी अर्ध्या वर्षात फिरत नाही.

एमए आणि एमबी यांची गल्लत करू नका. आमच्या स्टँडवरच्या एकाला मेहुण्याने कारचं उरलेलं महागडं ऑइल दिलं. फुकट म्हणून त्याने घातलं. मोंत डोंगराच्या चढावर गाडी गुरगुरते, आवाज चढतो, गाडी मात्र पुढे जाईना. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या पुष्कळशा ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. मग क्लच घसरतो. स्कूटरचा क्लच कोरडा, म्हणून तिला एमबी चालतं.

म्हापसा, पेट्रोल हॅचबॅक

वॉरंटी आहे तोवर सर्व्हिस सेंटरच, यावर घरात एकमत. गाडी फार फिरत नाही, शुक्रवारचा बाजार आणि कधीतरी सावंतवाडी. पण पुस्तिकेत 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं आहे, म्हणून वर्ष झालं की जातो.

तक्रार ऑइलबद्दल नाही, बिलाबद्दल आहे. जॉब कार्डवर 'इंजिन फ्लश', 'अ‍ॅडिटिव्ह', 'इंजिन ड्रेसिंग' आपोआप उगवतात. पुस्तिकेत यातलं काही नाही, हे त्या मुलीला दाखवलं तर म्हणाली, "सर, सगळेच करतात." मी म्हटलं, मला सगळ्यांतून वगळा. आता सही करण्याआधी या ओळींवर काट मारून घेतो आणि काढलेला फिल्टर डिकीत ठेवायला सांगतो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ऑइल बदललं होतं, फिल्टर तोच होता!

साखळी, डिझेल पिकअप

खाणपट्ट्यातला माणूस ऑइलआधी एअर फिल्टर बघतो. लाल धूळ आत गेली तर जगातलं सगळ्यात भारी सिंथेटिकही पिस्टनच्या रिंगा वाचवू शकत नाही.

डिझेलवाल्यांनी एक भीती सोडावी. ऑइल बदलल्यावर दोन दिवसांत काळं झालं म्हणून 'नकली घातलं' असं भांडायला येतात. काजळी आपल्यात धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगावरून ऑइल जोखायचं नसतं. मात्र 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं ऑइल लागतं, सी3 ग्रेडचं किंवा पुस्तिकेत असेल ते. जुन्या ट्रकचं ऑइल त्यात घातलं तर फिल्टर राखेने भरत जातो, आणि तो बदलायचा खर्च विचारूच नका. छोट्या छोट्या फेऱ्या असतील तर डिपस्टिकवर पातळी वाढतेय का तेही बघा. वाढत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय.

पणजी, मळा

आमच्याकडे पाऊस आणि भरती एकत्र आली की रस्त्यावर पाणी. शेजाऱ्याची कार चाकांच्या वर बुडाली. पाणी ओसरल्यावर तो चावी फिरवणार, तेवढ्यात मी डिपस्टिक ओढून दाखवली: दूध जास्त झालेल्या चहासारखं ऑइल. सुरू केली असती तर बेअरिंगं तरी गेली असती, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकला असता. टो करून नेली. उलट, पावसात जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्यांना ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसते. डिपस्टिक स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर घाबरू नका, ती बाष्पाची असते. गाडी एकदा पेडण्यापर्यंत नेऊन आणा.

काणकोण, होडीचं आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेलं इंजिन)

गाडी नाही, पण इंजिन आहे. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये मिसळायचं ते टीसी-डब्ल्यू3, म्हणजे होडीच्या इंजिनासाठीचं ऑइल, स्कूटरचं टू-टी नव्हे. 1 जूनला मासेमारी बंद झाली की खालच्या भागातलं गिअर ऑइल काढायचं. पांढरट निघालं तर सील गेलं, दोन महिने हातात आहेत तोवर बदलून घ्यायचं. हे काम मी कोणाला देत नाही.

फोंडा, स्पेअर पार्टचं दुकान

माझ्याकडे एक जण रिकामे डबे मागायला येत असे. भंगारवाला वजनावर घेतो, हा नगावर घ्यायचा, आणि झाकण शाबूत असेल तर जास्त द्यायचा. कशाला, ते तुम्हीच ओळखा. ऑइल ओतलं की डब्याला तिथेच भोक पाडा. मेकॅनिकला वाईट वाटत असेल तर वाटू दे. सील आणि बॅच नंबर समोर बघून घ्या, आणि छापील किमतीपेक्षा फारच स्वस्त मिळालं तर घेऊ नका.

डिचोली, बुलेट 350

मी 15डब्ल्यू-50 घालतो आणि स्वतः बदलतो, चोर्ला घाटात मध्येच थांबायची हौस नाही म्हणून. पण प्रश्न आहे: काढलेल्या काळ्या ऑइलचं काय करता? आमच्याकडे वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासतात. विहीर दहा पावलांवर.

*धागा काढणाऱ्याकडून: फासू नका. जुनं ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून, पाणी किंवा पेट्रोल न मिसळता, ज्या गॅरेजचं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेला जातं तिथे द्या. आधी विचारा, सगळीकडे जात नाही. आणि घरी बदलणाऱ्यांनो, स्कूटरला 700 मिली लागत असेल तर एक लिटरचा अख्खा डबा रिकामा करू नका. जास्त झालेलं ऑइल फेसाळतं आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जातं. 800 आणि 900 मिलीचे डबे मिळतात, तेही पातळी बघूनच ओता. बुलेटला बाजूला काच आहे, गाडी सरळ उभी करून बघायची. अ‍ॅक्टिवाची डिपस्टिक पुसून आत ठेवायची, आटे फिरवायचे नाहीत.*