ई-पुस्तकांना वर्गांक आणि विषय कुणी द्यायचे?

(ग्रंथालयातली माणसं आणि वाचक यांची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तालिकाघर

सोळा वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचं काम, करते आहे. गेल्या पंधरवड्यात भूगोलाची एक विद्यार्थिनी ओपॅकसमोर, म्हणजे वाचकांसाठीच्या संगणकीय ग्रंथसूचीसमोर, बसली होती. तिने देवनागरीत 'भूजल' टाइप केलं. चार नोंदी आल्या, चारही छापील, त्यातलं एक पुस्तक बाइंडिंगला गेलेलं. ती उठायला लागली, तेव्हा मी शेजारी बसून इंग्रजीत 'ग्राउंडवॉटर' टाकलं. ई-पुस्तकांची दोन पानं भरून यादी आली. पुस्तकं आमच्याकडे होती, पैसे भरलेले होते आणि तिला ती दिसत नव्हती.

हे असं का होतं, ते आतल्या लोकांना ठाऊक आहे. ई-पुस्तकं आपण एकेक निवडून घेत नाही. गठ्ठा येतो: भूजल, शेक्सपिअर, कर्करोग, करारांचा कायदा, सगळं एका फाइलीत. सोबत आलेल्या मार्क नोंदी (संगणकाला वाचता येणाऱ्या, क्रमांकाच्या फील्डांत भरलेल्या पुस्तकनोंदी) एका दुपारी कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवल्या की काम झालं. त्यांत वर्गांक, म्हणजे पुस्तकाची विषयवार जागा सांगणारा आकडा, कधी असतो, कधी नसतो. विषयशीर्षक असलं तर लायब्ररी ऑफ काँग्रेसचं इंग्रजी, नाहीतर प्रकाशकाने विक्रीसाठी लावलेला एखादा ढोबळ शब्द. दोनशे रुपयांच्या छापील पुस्तकाला मात्र आपण दाखल क्रमांक, वर्गांक, विषय, सगळं हाताने देतो.

माझं म्हणणं सरळ आहे: ई-पुस्तकालाही माणसाने पाहून वर्गांक आणि विषय द्यावा, आणि ६५३ या मोकळ्या विषयशब्दांच्या फील्डमध्ये मराठी शब्द घालावेत. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात भूजलाची घरं निदान तीन. भूशास्त्रात ५५१.४९, पाणीपुरवठ्यात ६२८.१, जलसंपत्तीत ३३३.९१. छापील प्रत एकाच कपाटात बसते. ई-पुस्तकाला कपाटच नाही, तर तिन्ही वर्गांक का देऊ नयेत? वर्गांकाचं ०८२ फील्ड एकाच नोंदीत पुन्हा पुन्हा वापरता येतं.

सर्व्हरखोली

मॅडम, कळकळ पोचली, पण हिशेब जमत नाही. एका नोंदीला पंधरा मिनिटं धरा. दहा हजार पुस्तकांचे अडीच हजार तास होतात. दिवसाला सात तास म्हटलं, तर एक माणूस दीड वर्ष दुसरं काहीच करणार नाही. तालिकीकरणाला पूर्ण वेळ माणूस आज किती ग्रंथालयांत आहे?

शिवाय ही पुस्तकं बहुतेक भाड्याची. कराराच्या काळातही नवी येतात, जुनी जातात. तुम्ही घातलेले मराठी शब्द पुढच्या वेळी नवी फाइल चढवली की पुसले जातील. मी माझा वेळ ८५६ हे दुव्याचं फील्ड तपासण्यात घालवतो, म्हणजे दुवा उघडतो की नाही ते पाहण्यात. सुंदर विषय दिलेली आणि क्लिक केल्यावर न उघडणारी नोंद वाचकाला जास्त फसवते. विषय शोधायला डिस्कव्हरी सेवा आहे, म्हणजे ग्रंथालयाचं सगळं साहित्य एकत्र शोधणारी सेवा, ती आतला मजकूरसुद्धा शोधते.

प्रबंधकर्ता

सर्व्हरखोलीशी सहमत. मी आर्थिक इतिहासात काम करतो आणि ओपॅक उघडून मला वर्ष झालं असेल. तळटिपेतून पुस्तकाचं नाव मिळतं, ते सर्च इंजिनात टाकतो, घरून लॉगिन करतो, प्रकरण समोर येतं. वर्गांक कपाटासाठी होता. कपाट गेलं, गरज गेली. त्या पैशात दोन पुस्तकं जास्त घ्या.

तालिकाघर

सर, तुम्हाला पुस्तकाचं नाव आधीच माहीत असतं. ज्या मुलीला त्या विषयातलं एकही नाव माहीत नाही, जिची पदवी मराठीतून झाली आहे, तिच्याबद्दल मी बोलते आहे. मजकुरात शोधायचं म्हटलं तरी इंग्रजी पुस्तकाच्या मजकुरात 'भूजल' सापडणार कुठून?

जुनेकार्ड

निवृत्त ग्रंथपाल आहे. कार्डांच्या खणात आमची 'पाहा' आणि 'हेही पाहा' अशी वेगळी कार्डं असत. 'कूपनलिका' या कार्डावर बाकी काही नाही, फक्त 'पाहा: भूजल'. वाचक कुठल्याही दाराने आला तरी आत पोचायचा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये 'वाचकाचा वेळ वाचवा' हा नियम घालून दिला, तो पाळायची आमची रीत ही होती. संगणक आला, कार्डं गेली ते ठीक. पण ती दारंही आपण बुजवली, याचं मला अजून वाईट वाटतं.

तीन वर्गांकांच्या मात्र मी विरोधात आहे. पुस्तकाचा मुख्य विषय कोणता हे ठरवणं, हेच वर्गीकरणकाराचं काम. तीन देऊन तो निर्णय टाळला जातो. विषयशीर्षकं हवी तेवढी द्या, वर्गांक एकच.

लंडनहून

मराठी पुस्तकांची उलटी तऱ्हा इकडच्या तालिकांत दिसते. अमेरिकी पद्धतीच्या रोमन लिप्यंतरात शब्दाचा शेवटचा 'अ' लिहिला जातो. 'तुकाराम' हे नाव त्यामुळे शेवटी एक जादा 'a' हे रोमन अक्षर लावून नोंदलेलं असतं. आपण बोलतो तसं टाइप केलं की कित्येकदा हाती काही लागत नाही. मूळ लिपीसाठीच्या ८८० फील्डमध्ये देवनागरी भरलेलं असेल तर सुटका, नसेल तर पुस्तक असून नसल्यासारखं. म्हणून मी तालिकाघर यांच्या बाजूने.

सर्व्हरखोली

जुनेकार्ड सरांचं वाचून रात्री एक गोष्ट करून पाहिली. मराठी शब्द पुस्तकाच्या नोंदीत घालूच नका. 'ग्राउंडवॉटर' या शीर्षकाच्या प्राधिकृत नोंदीत (विषयाचा ठरलेला शब्द आणि त्याचे पर्याय सांभाळणारी वेगळी नोंद), ४५० फील्डमध्ये, 'भूजल' पर्यायी शब्द म्हणून टाका. पुस्तकांची शीर्षकं त्या नोंदीशी जोडून घ्यायची आणि पर्यायी शब्दांवरून शोध घेण्याची कोहातली सेटिंग चालू करायची. शोधासाठीची सूची (इंडेक्स) पुन्हा बनवल्यावर आमच्याकडे 'भूजल' टाइप करून ई-पुस्तकं आली. एकदाच केलेलं काम, दोनशे पुस्तकांना लागू. गठ्ठा बदलला तरी पुसलं जात नाही. म्हणजे सरांचं 'पाहा' कार्डच हे.

मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे: एकेक पुस्तक उघडून वर्गांक देणं परवडणारं नाही.

तालिकाघर

मी दहा हजारांचा हट्ट सोडते, तुमचा हिशेब बरोबर आहे. ही युक्ती मला सुचायला हवी होती. पण ज्या नोंदीत विषयशीर्षकच नाही, तिला ती जोडणार कशी? आमच्या मागच्या गठ्ठ्यात अशा बऱ्याच होत्या. त्या माणसाने उघडूनच पाहाव्या लागतील, निदान इथे शिकवल्या जाणाऱ्या विषयांच्या तरी: ऊस, सहकार, पाणी.

सर्व्हरखोली

अशा नोंदी पुरवठादाराला परत पाठवाव्यात आणि पुढच्या करारात विषयशीर्षकाची अट घालावी. त्यांचं अर्धवट काम आपण का पुरं करायचं?

तालिकाघर

अट जरूर घाला, मी सही करते. पण ती मान्य होऊन नोंदी येईपर्यंत त्या मुलीचं एम. ए. संपलेलं असेल. रोज दहा नोंदी मी करणार आहे, कुणी साथ दिली तर वीस होतील. आणि 'पाहा' शब्दांची यादी सगळ्यांनी मिळून करू या. भूजलापासून सुरुवात: कूपनलिका, बोअर, विहीर... आणखी काय?

जुनेकार्ड

'विंधन विहीर' घ्या, सरकारी कागदांत तोच शब्द असतो. मुलं बोअर म्हणतात, तोही ठेवा. 'पाणलोट' मात्र भूजलाखाली टाकू नका, त्याचं शीर्षक वेगळं आहे. तिथे 'हेही पाहा' द्या. उसाची यादी मी रविवारपर्यंत देतो.