मदत हवी आहे: साडेचार हजार आरपीएमला नॉक सेन्सर टायमिंग उगाच मागे ओढतोय

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे डोकं खाऊन झालं, आता जाणकारांना शरण. जुनं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे, बोअर ७३ मिमी, टर्बो वगैरे काही नाही, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा जुना भाग) काढून टाकला, क्रँकवर ३६ वजा १ दातांचं (एक दात मुद्दाम गाळलेलं) चक्र, त्याला दोन वायरींचा मॅग्नेटिक पिकअप, वेस्टेड स्पार्कच्या (दोन सिलिंडरांच्या जोडीला एकदमच ठिणगी देणाऱ्या) कॉइली आणि प्रोग्रामेबल ईसीयू (इंजिनाचा संगणक). कॅम सेन्सर नाही. तिसऱ्या सेल्फला इंजिन पकडलं तेव्हा आनंदाने झोप लागली नाही. मग अंगात किडे, नुसत्या टेबलावर (आधीच भरून ठेवलेल्या आकड्यांवर) टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते, कशाला चालवायचं, इंजिनालाच विचारू की बाबा तुला किती अॅडव्हान्स (ठिणगी किती आधी) झेपतोय. म्हणून नॉक, म्हणजे टोकाला उरलेलं मिश्रण आपोआप भडकून होणारा ठोका, ऐकणारा नॉक सेन्सर लावला.

ब्लॉकवर २ आणि ३ नंबरच्या मध्ये बसवलाय, खालचा रंग खरवडून, वॉशर न घालता, २० न्यूटन-मीटरला टाइट. फिल्टर ७.८ किलोहर्ट्झला (१८०० ला पाय आणि मिलिमीटरमधल्या बोअरने भागायचं, तो ढोबळ हिशोब). सेन्सरचं ऐकायची खिडकी टीडीसीनंतर (पिस्टन सर्वात वर असतो त्या क्षणानंतर) १० ते ५० अंश. नॉक दिसला की लगेच २ अंश रिटार्ड (ठिणगी उशिरा), मग शांत असेल तर पाव पाव अंशाने परत पुढे, आणि काही झालं तरी एकूण ८ अंशांपेक्षा जास्त मागे जायचं नाही.

आता दुखणं. ४००० पर्यंत सगळं गुण्यागोविंदाने. साडेचार हजारला आलं की सिग्नल चढतो, तो २ अंश काढतो, परत २, परत २, आणि थेट ८ वर जाऊन बसतो तो हलतच नाही. इंजिनातला दम जातो आणि जरा वेळ तसंच ठेवलं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड अंधारात लालसर दिसतो. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घालून पाहिलं, ढिम्म फरक नाही. थ्रेशोल्ड (कितव्या सिग्नलला नॉक धरायचा ती पातळी) वाढवला तर गप्प बसतो पण मग खरा नॉक आला तर तोही ऐकू येणार नाही ना. शेवटी तांब्याची नळी ठोकून चपटी केली, ब्लॉकला बोल्ट केली, दुसऱ्या टोकाला रबरी पाइप आणि पाइप कानावरच्या मफमध्ये, असा डॉक्टर होऊन बसलो. ठाक ठाक असा एका तालातला आवाज येतो, डब्यात खडे हलवल्यासारखा जो कडकडाट असतो तो नाही.

तर प्रश्न दोन. हा नॉक आहे का? आणि दुसरं, नॉक ही झाली वरची हद्द, पण जिथे नॉक होतच नाही तिथे बरोबर टायमिंग कुठलं हे फीडबॅकने कसं काढतात?

प्रतिसाद १

उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय की. ८ अंश मागे आलात आणि सिग्नल तस्साच आहे. खरा नॉक असता तर इतकं रिटार्ड केल्यावर सिलिंडरमधला दाब आणि टोकाला उरलेल्या मिश्रणाचं तापमान उतरलं असतं आणि आवाज बंद पडायला हवा होता. तुमचा कंट्रोलर जे ऐकतोय त्यावर त्याचा काही अंमलच चालत नाहीये, म्हणून तो बिचारा ओढत ओढत लिमिटला जाऊन टेकतो. फीडबॅकचा लूप दिसायला बंद, प्रत्यक्षात उघडा.

माझा संशय व्हॉल्व्हवर. तुमच्या फायरिंग ऑर्डरमध्ये १ नंबर जळत असतो तेव्हा ३ नंबर कॉम्प्रेशनला निघालेला असतो, म्हणजे ३ चा इनटेक व्हॉल्व्ह सीटवर आपटतो तो नेमका १ च्या पॉवर स्ट्रोकमध्ये. तोच तुमचा एका तालातला ठाक ठाक. कॅमच्या कागदावर इनटेक कधी बंद होतो लिहिलंय?

धागाकर्ता

कागद शोधला, बीडीसीनंतर (पिस्टन सर्वात खाली असतो त्या क्षणानंतर) ५८ अंश. माझी खिडकी ५० ला संपते, म्हणजे ८ अंशांचं अंतर आहे. आणि व्हॉल्व्ह असेल तर ३००० ला का नाही आपटत?

प्रतिसाद २

तुमचे ५० हे ५०च आहेत कशावरून?

चिडू नका, पण ही चूक मी स्वतः केलीय. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशावर लॉक करा, नॉक कंट्रोल बंद, आणि टायमिंग गन (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) पुलीवर मारून हळूहळू रेस करा. खूण जागची हलता कामा नये. डायलवाली गन असेल तर डायल शून्यावर ठेवून पुलीवरची खूणच वाचा, वेस्टेड स्पार्कमध्ये प्लग दर फेऱ्याला उडतो त्यामुळे डायलचा आकडा दुप्पट येतो आणि माणूस भलत्याच रस्त्याला लागतो.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. दाब मोजायचा सेन्सर असेल तर सोपं आहे, सर्वात जास्त दाब टीडीसीनंतर साधारण १४ ते १६ अंशावर आणि निम्मं मिश्रण जळून होणं ८-१० अंशावर आलं की टायमिंग जवळपास बरोबर. साब गाड्यावाल्यांनी प्लगलाच सेन्सर केलं होतं, ठिणगी पडून गेल्यावर प्लगवर सुमारे ८० व्होल्ट ठेवून आयनांचा करंट मोजायचा, नॉकही त्यातच दिसतो. यातलं काहीच नसेल तर टायमिंग मुद्दाम थोडं पुढेमागे हलवत राहायचं आणि टॉर्क कुठल्या बाजूला वाढतो ते बघत तिकडे सरकायचं. ही युक्ती ड्रेपर आणि ली यांनी १९५१ मध्ये इंजिनावर मांडली, आणि हे ड्रेपर म्हणजे ज्यांच्या एमआयटीच्या लॅबने पुढे अपोलोचं गायडन्स केलं तेच. पण घरी करायला वैताग आहे, शिखराजवळ टॉर्कचा आलेख इतका सपाट असतो की १-२ अंशांचा फरक आवर्तना-आवर्तनातल्या चढउतारात बुडून जातो, भरपूर सरासरी घ्यावी लागते. डायनोवर (टॉर्क मोजायच्या यंत्रावर) एकदा टेबल नीट करा आणि फीडबॅक नॉकपुरता ठेवा, असं माझं मत.

धागाकर्ता

दंडवत घ्या. १००० ला खूण १० वर. २५०० ला साडेसहाच्या आसपास. ४५०० ला २!! म्हणजे ईसीयू म्हणतोय १० आणि इंजिन म्हणतंय २, आणि मी दोन महिने याच टेबलावर प्रेम करत होतो.

पिकअपच्या दोन वायरी उलट्या लागल्या होत्या. ईसीयू दाताची चुकीची बाजू पकडत होता आणि वेग वाढेल तशी ती सरकत होती. वायरी अदलाबदल केल्या, आता वरपर्यंत अंशाच्या आत आहे, उरलेलं लेटन्सीच्या (सिग्नलच्या उशिराच्या) सेटिंगने काढलं. आता कोडं सुटलं, साडेचार हजारला माझी खिडकी प्रत्यक्षात १८ ते ५८ होती, म्हणजे दार उघडं ठेवून व्हॉल्व्हला या बसा म्हणण्यासारखं. आणि ठिणगी आधीच ८ अंश उशिरा, त्यात कंट्रोलरचे अजून ८, मॅनिफोल्ड लाल होईल नाहीतर काय.

प्रतिसाद २

थांबा, लगेच पळवू नका. टेबल जसंच्या तसं ठेवलंत तर वरच्या वेगाला आता पूर्वीपेक्षा ८ अंश जास्त अॅडव्हान्स मिळणार आहे. ४००० च्या वरचे आकडे आधी खाली घ्या.

धागाकर्ता

बरं झालं सांगितलंत, मी किल्ली हातात घेऊनच बसलो होतो. ६ अंश कमी करून सुरू केलं, एकेक अंश वर चढवतोय. साडेचार हजारला सेन्सर चिडीचूप. काल ३००० ला फुल थ्रॉटलमध्ये पहिल्यांदा खरा नॉक आला, नळीतून तो खड्यांचा आवाज ऐकला आणि पोटात गोळा, पण २ अंश मागे गेला आणि दुसऱ्याच क्षणी गप्प, मग पाव पाव अंशाने परत वर. लॉगमधली ती करवतीसारखी रेघ बघत बसलो नुसता.

एकच शंका राहिली. नॉक २ आणि ३ च्या जोडीत जास्त दिसतो, पण दोघांतला नेमका कोण ते कळत नाही.

प्रतिसाद १

कळणारही नाही. नुसत्या क्रँकवरून ईसीयूला २ कॉम्प्रेशनवर आहे की ३ हे समजतच नाही, तो दोघांना एकच धरतो. कॅम सेन्सर लावा, मग प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग वेगळं ओढता येईल.

धागाकर्ता

म्हणजे परत टायमिंग कव्हर उघडा. डिस्ट्रिब्युटरचं रिकामं भोक आहे तिथेच काही बसवता येतं का बघतो, नाही जमलं तर येतोच नवीन धागा घेऊन.