चर्चा : हाडांची गोळी, मांडीचं फ्रॅक्चर आणि 'घराण्याचा दोष'

दांडियाबाजारकर : काल इथे कुणीतरी टाकलं, 'ऑस्टिओपोरोसिसच्या (हाडं ठिसूळ होण्याच्या) आठवड्याच्या गोळीने मांडीचं हाड मोडतं. हा घराण्याचा दोष. जीन-टेस्टशिवाय गोळीला हात लावू नका.' आमच्या बिल्डिंगमधल्या दोन काकूंनी लगेच गोळी बंद केली. म्हणून लांबण लावतोय. असं फ्रॅक्चर होतं, खुब्याच्या खाली, आडवं, कधी न पडतासुद्धा. नाही कोण म्हणतंय? पण दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जवळपास दोन लाख बायकांचा २०२० चा अभ्यास बघा. १०,००० गोऱ्या बायकांनी ३ वर्षं औषध घेतलं, तर खुब्याची १४९ फ्रॅक्चरं टळतात आणि मांडीची ही २ होतात. आता जीन. २०१७ मध्ये, गोळी घेऊन असंच फ्रॅक्चर झालेल्या स्पेनच्या तीन सख्ख्या बहिणींत जीजीपीएस-१ या जीनमध्ये बदल सापडला. गोळी पेशीतल्या रासायनिक क्रियांची जी साखळी अडवते, त्यातलंच एंझाइम तो बनवतो. दुवा भारी आहे. पण त्या तिघींवरून अख्ख्या बडोद्याची टेस्ट करायची?

रावपुऱ्याची सून : गोऱ्या बायकांचेच आकडे बरे दिलेत! त्याच अभ्यासात आशियाई बायकांची ९१ टळतात आणि ८ होतात. चौपट. ते कुठे गेलं? आमच्या सासूबाई महिनोन्महिने मांडी ठणकते म्हणत होत्या, डॉक्टर गुडघ्याचाच फोटो काढत राहिले. एक दिवस ओट्यापाशी उभ्या उभ्या हाड गेलं. रॉड घालताना दुसऱ्या मांडीचा फोटो काढला, तर तिथेही बारीक तडा.

दांडियाबाजारकर : वाईट झालं. पण ९१ ला ८, म्हणजे फायदाच ना? आणि चुकलं ते फोटोत.

रावपुऱ्याची सून : स्वतःच्या घरात झालं असतं तर हा हिशेब सुचला असता?

कमाटीबाग वॉकर : मूळ कारण कुणी बोलणार नाही. मामाची मुलगी करायची आपली पद्धत! गुजराती शेजारी हसतात आपल्याला.

सुरसागर : माझ्या आईवडिलांचं तसंच लग्न आहे. आई अजून जिने चढते. बागेतल्या गप्पा बागेत ठेवा.

कमाटीबाग वॉकर : एका आईवरून विज्ञान बदलत नाही, ताई.

सुरसागर : विज्ञानच ऐका मग. नात्यातल्या लग्नात भीती असते ती आई आणि वडील दोन्हीकडून जीनची तीच सदोष प्रत येण्याची. त्या बहिणींत दोनपैकी एकाच प्रतीत बदल होता. मामाच्या मुलीचा संबंध काय इथे?

कमाटीबाग वॉकर : बरं, तुम्ही हुशार. मुलाला कराल का मामाची मुलगी?

सुरसागर : त्याने भरूचची पटेलांची आणली आहे. तुम्ही निश्चिंत फिरा.

मांडवीकर काका : भांडण आटपलं असेल तर सांगा, गोळी चहाबरोबर चालते ना? मी तशीच घेतो.

दांडियाबाजारकर : काका, रिकाम्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहाबरोबर ती नीट शोषलीच जात नाही. तुम्हाला ना फायदा, ना धोका.

रावपुऱ्याची सून : विनोद पुरे. गोळी चालू असताना मांडी किंवा जांघ दुखायला लागली तर दोन्ही मांड्यांचा पूर्ण एक्स-रे काढायचा, एवढं तरी तुमच्या काकूंना सांगा.

दांडियाबाजारकर : सांगतो, मॅडम. आणि काही वर्षांनी गोळीला सुट्टी द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा असंही सांगतो. थांबवली की हा धोका भराभर उतरतो. त्याच अभ्यासात आहे. तेवढं तुम्ही गाळलंत.