लिलीचा बुके आणि आमची मनी

बी-३०४: काल रात्री ग्रुपवर कुणालाच रिप्लाय दिला नाही, सॉरी, मनीला घेऊन डॉक्टरकडे होतो. झालं काय, महालक्ष्मीच्या जेवणाला आलेल्या कुणीतरी मोठ्या पांढऱ्या लिलीचा बुके आणला, मी तो मखराशेजारीच पाण्यात ठेवला आणि संध्याकाळी बघते तर मनीच्या नाकावर, पंज्यावर केशरी डाग. सासूबाई म्हणाल्या, बघा, मनीनेपण हळदीकुंकू लावून घेतलं! आम्ही हसलो, फोटोपण काढले. तो लिलीचा पराग होता. नऊला तिने दोनदा उलटी केली तेव्हा कुठे ट्यूब पेटली

ए-१०१: मांजरं गवत खाऊनही उलटी करतात हो. मीठपाणी पाजायचं

बी-३०४: काका, मीठपाणी तर मुळीच नको, डॉक्टर त्यावरच चिडले, मिठाचीच विषबाधा होते म्हणाले. लिलीचं पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजरीच्या किडन्या घालवतं, एक ते तीन दिवसांत. अंगावरचा पराग चाटला तरी पुरे. आणि मधे उलट्या थांबतात, आपल्याला वाटतं बरी झाली, तेवढ्यात आतून खेळ संपत असतो. सलाईन लावलंय, ४८ तास तरी चालेल, रक्तातलं क्रिएटिनिन बघताहेत, किडनी कशी चाललीय ते त्यावरून कळतं

सी-२०५: वहिनी आमच्या ब्रूनोने तर अख्खा बुके फाडला होता, फक्त पोट बिघडलं

बी-३०४: कुत्र्यांचं तेवढ्यावरच भागतं रे, किडनीचं मांजरांनाच. पण गेटपाशी सागो पामच्या कुंड्या आहेत ना, त्याच्या बिया ब्रूनोने चघळल्या तर लिव्हर जातं. त्या हलवा आधी

डी-४०२: मग नाताळात क्लबहाऊसमध्ये ती लाल पानांची पॉइन्सेटिया आणतो तीपण बंद का?

बी-३०४: मीपण विचारलं. तिचं नाव उगाच खराब झालंय, चीक तोंडात गेला तर लाळ, एखादी उलटी, बास. झेंडू, निशिगंधाची तर काळजीच नको. खरी भीती कण्हेरीची, वाळलेलं पानही हृदयावर जातं

सी-२०५: सेक्रेटरीसाहेब, ऐकलं का भिया! लिफ्टपाशी निर्माल्याची पिशवी परवापासून पडलीय, त्यात कण्हेरच कण्हेर. शहर स्वच्छतेत नंबर वन आणि आपली लिफ्ट बघा

सेक्रेटरी: उद्या सकाळच्या कचरागाडीत जाईल. कुंड्यांचं मीटिंगमध्ये बघू

सी-२०५: मीटिंग कशाला?? कुंडी उचलायला ठराव लागतो का

ए-१०१: मीठपाण्याचं मागे घेतो. मनी कशी आहे?

बी-३०४: आत्ता फोन आला काका. सकाळी भरपूर शू केली म्हणे. एवढ्या गोष्टीचा आनंद होईल असं आयुष्यात वाटलं नव्हतं. रिपोर्ट संध्याकाळी. सासूबाईंनी तो फोटो डिलीट करायला लावला