फ्रेंचमध्ये वैतागायला सबजंक्टिव्ह कशाला हवा?

चहाबाज_मॅडम
पुण्यात फ्रेंच शिकवते. बी-वनच्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, वर्गात दरवर्षी तेच. मुलं सबजंक्टिव्हची (भावना, इच्छा, शंका सांगताना 'की'नंतर येणारी क्रियापदाची खास) रूपं घडाघडा म्हणतात, पण 'वैताग आलाय' एवढं सांगायची वेळ आली की गप्प! फ्रेंच माणूस 'जां ने मार' म्हणून मोकळा होतो. माझं मत स्पष्ट आहे: राग, भीती, कंटाळा पहिल्या वर्षीच अशा छोट्या वाक्यांतून शिकवा, 'क' (म्हणजे 'की') नंतरच्या क्रियापदाचं मागाहून बघू. मराठी मुलांना तर हे सोपं जायला हवं. 'मला भीती वाटते'मध्ये भीती हे नाम आहे, 'जे पर'मध्येही (शब्दशः 'माझ्याकडे भीती आहे') नामच. पण आपण शिकवतो इंग्रजीतून, मग पोरं 'आय ॲम'च्या चालीवर 'ज स्वी पर' ('मी भीती आहे') ठोकून देतात.

नर्मदेचा_गोटा
साफ असहमत. या छोट्या वाक्यांत माणूस स्वतःचंच रडगाणं गातो. दुसऱ्याच्या वागण्याबद्दल काही वाटलं की 'क' आलाच. 'तू इथे आहेस, बरं वाटलं' हे 'ज स्वी कोंताँ क त्यू स्वा ला'. तिथे 'स्वा'ऐवजी साधा वर्तमानकाळ घालून 'त्यू ए ला' म्हणालात तर समोरच्याला कळेल, पण कानाला खटकेल. आणि डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेत बी-वनला किमान 160 शब्द लिहायचे असतात. सगळीकडे 'जां ने मार' लिहून बघा, काय होतं ते!

चहाबाज_मॅडम
परीक्षेसाठीच शिकायचं असेल तर प्रश्नच मिटला. बोलताना 'क' टाळताही येतो: 'त्यू पार दमँ? सा म राँ त्रिस्त.' तू उद्या जातोयस, वाईट वाटतंय. दोन वाक्यं, काम झालं. शिवाय 'पार्ले' (बोलणे) सारख्या नेहमीच्या क्रियापदांचं एकवचनी सबजंक्टिव्ह कानाला साध्या वर्तमानकाळासारखंच लागतं. वेगळी ऐकू येणाऱ्यांत रोज लागतात ती स्वा, ए, फास, आय, प्विस (असणे, जवळ असणे, करणे, जाणे, शकणे) अशी थोडी. तेवढ्यासाठी अख्खे तक्ते?

ल्योंकर
तुमचं दोघांचं चालू द्या, पण इथे फ्रान्समध्ये राहून सांगतो, खरी फजिती भावना किती तीव्र आहे याच्या मापात होते. ऑफिसात 'से पा तेरीब्ल' ऐकून नवा माणूस समजतो, चला, फार वाईट नाही. अर्थ असतो 'काही खास नाही', म्हणजे काम परत करा. 'ज तेम' (माझं तुझ्यावर प्रेम आहे) पुढे 'ब्यां' लावलं की प्रेम वाढत नाही, उतरतं. माणूस आवडतो, बस्स. आणि नव्या नोकरीबद्दल 'ज स्वी एक्सिते' म्हणू नका हो! त्याला भलताच, लैंगिक वास येतो. 'जे आत द कोमाँसे' (कधी एकदा सुरू करतोय असं झालंय) म्हणा. हे कुठल्या तक्त्यात आहे?

नर्मदेचा_गोटा
ल्योंकर, हे तिथे राहून आपोआप अंगवळणी पडतं. सदाशिव पेठेतल्या पोराला ऑफिसातला साहेब कुठून मिळणार? त्याला नियमच तारतात. आणि नियमही वाटतो तेवढा सरळ नाही. भीती, आनंद, खेद यांना सबजंक्टिव्ह, पण आशेला नाही: 'जेस्पेर क त्यू व्हिआँद्रा' (आशा आहे, तू येशील), साधा भविष्यकाळ. छोटी वाक्यं घोकून हे कधी कळणार?

चहाबाज_मॅडम
कळेल, पहिल्यांदा कुणाची वाट बघायची वेळ आली की. पुढच्या तासाला 'जेस्पेर' आधी बोलायला लावते, तक्ता मागून. निकाल इथेच टाकते.